भाजीबाजारातली वजाबाकी वर्गात का अडते?

२० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे आणि १५ रुपये किलोचे एक किलो ४०० ग्रॅम कांदे. गिऱ्हाईक २०० रुपयांची नोट पुढे करते आणि ठेल्यामागचे मूल क्षणभरात १६३ रुपये परत देते. कागद नाही, पेन्सिल नाही. त्याच मुलासमोर याहून सोपी वजाबाकी नुसत्या आकड्यांत मांडून ठेवली की ते गोंधळते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हा गाभा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचे गणित तपासले. जवळजवळ सर्वच मुले धंद्यातले गुंतागुंतीचे हिशेब बिनचूक करत होती. हे पाठांतराचे फळ असेल, कोणी मदत करत असेल, ओळखीच्या प्रश्नामुळे मनावरचा ताण कमी होत असेल, अशा शंका संशोधकांनी एकेक करून पडताळल्या. त्यांतल्या एकीनेही या कौशल्याचा उलगडा झाला नाही. मुलांना गणित खरोखरच येत होते. शाळेच्या मांडणीत मात्र ते येत नव्हते.

अभ्यासाचा दुसरा भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे आणि त्याची चर्चा कमी झाली. विक्रीचा अनुभव नसलेली, जवळच्याच शाळांतली ४७१ मुले आकड्यांच्या साध्या उदाहरणांत सरस ठरली. पण बाजारातला जो प्रश्न कामकरी मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांनी सोडवला, तो यांतल्या केवळ एक टक्का मुलांना सुटला. म्हणजे ज्यांना शाळेचे गणित 'येते' असे आपण समजतो, त्यांच्याही हाती गणित लागलेले नाही. (यावरून मुलांना बाजारात बसवावे असा अर्थ काढणे क्रूरपणाचे होईल. त्यांच्या हातचे कौशल्य गरजेने आलेले आहे.)

या दुखण्यावर गेल्या काही वर्षांत देशाने एक औषध पसंत केले आहे: आनंद. २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. २०२३ मध्ये खेळण्यांनी भरलेला 'जादुई पिटारा' आला. एनसीईआरटीच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांचे नावच 'आनंदमय गणित' आहे, तिसरीचे 'गणित मेला'. छडीच्या धाकाने पाढे घोकवून घेण्याचे दिवस परत यावेत असे कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. प्रश्न एवढाच आहे की आनंद नेमका कशात शोधायचा. बाजारातल्या त्या मुलाला आकड्यांची भीती नाही, कंटाळाही नाही. त्याच्या पुस्तकात हत्ती-घोडे रंगवून त्याची अडचण दूर होणार नाही.

खेळाच्या मर्यादेचा पुरावाही भारतातलाच आहे. २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिल्लीतील २१४ बालवाड्यांमधील सुमारे पाच वर्षांची १,५४० मुले सहभागी होती. काही बालवाड्यांत चार महिने संख्या व आकारांचे खेळ घेतले गेले. त्या मुलांची संख्येची उपजत जाण वाढली आणि टिकलीही. आकडे ओळखण्या-वापरण्यातही त्यांना लगेच थोडा फायदा दिसला. पुढे शाळेतले गणित शिकताना मात्र ती इतरांच्या पुढे गेली नाहीत. खेळ चांगला होता; खेळातून पाटीकडे जाणारी वाट कोणी बांधून दिली नव्हती.

ही वाट कशी असते ते मघाच्याच उदाहरणात पाहता येते. २०० वजा ३७. वर्गातली रीत अशी: शून्यातून सात जात नाहीत, शेजारी दशकाच्या घरीही शून्यच, म्हणून शतकाच्या घरून उसने आणायचे, ते दशकाच्या घरी ठेवायचे, तिथून पुन्हा एकक स्थानी न्यायचे. प्रौढ माणसालाही हे सांगताना दम लागतो. दुकानदार वजाबाकी करतच नाही. तो वर चढत जातो: सदतीसचे चाळीस करायला तीन, चाळीसचे शंभर करायला साठ, आणि वर शंभर. झाले १६३. पहिली रीत अचूक व सर्वत्र चालणारी आहे; दुसरीत प्रत्येक पायरीचा अर्थ डोळ्यांसमोर असतो. शिक्षकाने दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात आणि 'उत्तर सारखेच का आले?' एवढे विचारून गप्प बसावे. त्या शांततेत वर्गात जी कुजबुज सुरू होते, ती गणिताची खरी गंमत. तिला खेळण्यांचा पेटारा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि चुकीचे उत्तर ऐकून घेण्याची शिक्षकाची तयारी.

मराठी शाळांत एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणवून घेत. घोकंपट्टीचा दोष त्यांतही होताच, पण ते पाढे बाजाराच्या मापांतून आले होते. पाव किलो आजही विकले जाते. पावकी मात्र वर्गातून गेली आणि तिच्या जागी व्यवहाराशी बांधणारे दुसरे काही फारसे आले नाही.

'असर' २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी, उसने घेऊन करायची वजाबाकी येते. २०२२ च्या २५.९ टक्क्यांपेक्षा ही वाढ चांगलीच आहे. पण हे मोजमाप कागदावर मांडलेल्या वजाबाकीचे आहे. उरलेल्या दोन तृतीयांश मुलांत सुटे पैसे बिनचूक मोजून देणारी किती, हा आकडा त्यातून मिळत नाही. आणि उत्तीर्ण ठरलेल्या एक तृतीयांशांपैकी किती जणांना दुकानात उरलेले पैसे सांगता येतील, हेही त्यातून कळत नाही. 'निपुण'चे लक्ष्यवर्ष २०२६-२७ आहे. तेव्हाच्या चाचणीत प्रत्येक मुलाला एक प्रश्न कागदावर आणि त्याच आकड्यांचा एक प्रश्न तोंडी, बटाट्या-कांद्याच्या भाषेत विचारला जावा. दोन उत्तरांमधली तफावत हाती आली, तर शिक्षकाला दुसऱ्या दिवशी वर्गात कोठून सुरुवात करायची हे कळेल.