संगणकाशी गट्टी : नळ उघडा कुणी ठेवला?



‘‘नळ बंद केलास का रे?’’ आईची ही हाक तुम्ही रोज ऐकत असाल. आज तीच हाक आपल्याला प्रोग्रॅमला मारायची आहे!

एका शाळेच्या ग्रंथालयासाठी मी जावा भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. पुस्तकाचा क्रमांक टाकला, की ते कुणाकडे आहे ते कळायचं. सगळी माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. सकाळी काम झकास, पण दुपारी मुलांची रांग लागली की ठप्प! बंद करून पुन्हा सुरू केलं की ठीक. एकदा पाचवीतल्या मुलानं चुकीचा क्रमांक टाकला आणि नेमका तेव्हाच प्रोग्रॅम अडला. ‘‘तूच बिघडवलंस!’’ म्हणून बिचाऱ्याला ओरडा बसला.

खरं काय होतं? डेटाबेसशी बोलायला आधी जोडणी उघडावी लागते. वेगळं काही सांगितलं नाही, तर पोस्टग्रेस एका वेळी १०० जोडण्यांपर्यंतच देतो. त्यांतल्याही काही राखीव! बंद करायची ओळ मी लिहिली होती, बरं का! पण अगदी शेवटी. क्रमांक चुकला की प्रोग्रॅम मधूनच मागे फिरायचा, त्या ओळीपर्यंत पोचायचाच नाही. प्रत्येक चुकीला एक नळ उघडा!

असा नळ शोधायचा कसा? ‘उघड’ आणि ‘बंद’ किती ते मोजा. आकडे जुळले तरी फसू नका. बाहेर पडायची प्रत्येक वाट बोटानं गिरवून पाहा. मग मुद्दाम दहा वेळा चूक करा आणि डेटाबेसलाच विचारा. पोस्टग्रेसकडे ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ नावाची यादी असते. माझ्या यादीत बरोबर दहा जोडण्या वाढल्या. चोर सापडला!

इलाज सोपा. बंद करायची ओळ ‘फायनली’त ठेवा, मध्येच चूक झाली तरी ती चालते. २०११ साली आलेल्या जावा ७ पासून तर ‘ट्राय’च्या कंसात उघडलेल्या वस्तू आपोआप, उलट्या क्रमानं बंद होतात. पायथनवाल्यांनो, तुम्ही मात्र सावध! एस्क्यूलाइटची जोडणी ‘विथ’मध्ये वापरली तरी ती बंद होत नाही. ‘क्लोज’ वेगळं लिहावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्या मुलाला, बाईंसमोरच, सांगितलं, ‘‘चूक तुझी नव्हती, माझी होती.’’ क्रमांक कुणाचाही चुकतो. प्रोग्रॅमनं तो सोसायला हवा.

मग, तुमचे नळ तपासताय ना?