झीज कोणाच्या खात्यावर?

जुनी मोटार विकत घेणाऱ्याच्या हाती हल्ली चावीबरोबर एक हमीपत्रही ठेवले जाते. पहिल्या पानावर इंजिन व गिअरबॉक्सची वॉरंटी ठळक अक्षरांत जाहीर केलेली असते. आणि आतल्या पानावर, भिंग लावून वाचावे लागेल अशा अक्षरांत, 'नैसर्गिक झीज वगळून' हे तीन शब्द असतात. विक्री पहिल्या पानाच्या बळावर होते. तक्रार आली की मात्र आतले पान उघडले जाते.

क्लचप्लेटचे उदाहरण घेऊ. बऱ्या हाताने चालवलेल्या मोटारीत ती सहज पन्नास हजार किलोमीटर आणि त्याहूनही अधिक चालते. समजा, भाडी मारून पोट भरण्यासाठी कोणी कर्ज काढून जुनी गाडी घेतली आणि तीन हजार किलोमीटरच्या आत तिची क्लचप्लेट निकामी झाली. विक्रेता म्हणतो, ही झीज आहे. शिवाय तुम्ही क्लचवर पाय ठेवून गाडी हाकता. प्रकरण संपले! वस्तुतः ते येथे सुरू व्हायला हवे. इंजिनच्या मागचे ऑइल सील गळत असेल तर तेल प्लेटवर उतरते, प्लेट घसरू लागते आणि जळते. तेथे झीज हा परिणाम असतो. मूळ दोष सीलचा, आणि तो विक्रीच्या दिवशीही असू शकतो. केबलचा ताण चुकला असेल तरी तेच. दुसरे असे की, हाच विक्रेता गाडीची शेकडो मुद्द्यांवर तपासणी केल्याची जाहिरात करीत असतो. त्या तपासणीत क्लचची अवस्था काय आढळली होती? नोंद असेल तर ती दाखवावी. नसेल तर ती तपासणी कसली?

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला माहीत असलेले घेणाऱ्याला माहीत नसेल तर बाजारातून चांगला माल हळूहळू हद्दपार होतो. 2001 साली त्यांना नोबेल मिळाले. (आमच्या गॅरेजमधील कोणाही मिस्त्रीला हे सिद्धांतावाचून ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी.) हमीपत्र हा या अज्ञानावरील उपाय म्हणून पुढे आला. पण तपासणारा, विकणारा आणि झीज कोणती हे ठरवणारा एकच असेल, तर हमी ही केवळ किमतीत मिळवलेली आणखी एक रक्कम ठरते.

कायदा काय म्हणतो? 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 16 नुसार, खरेदीदाराने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या हेतूस योग्य असला पाहिजे, ही अट गृहीत असते. परंतु त्याच कायद्याचे कलम 62 अशी गृहीत अट करारानेच काढून टाकण्यास मुभा देते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार होय. ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने व्यापाऱ्याला ही पळवाट ठेवलेली नाही. जुन्या गाडीतही सहा महिन्यांच्या आत दोष दिसला आणि ग्राहकाने दुरुस्ती मागितली, तर तो दोष विक्रीच्या वेळीच होता असे सामान्यतः धरले जाते, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार व्यापाऱ्यावर येतो. आपल्याकडे हा भार कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या चालकाच्या शिरावर आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या प्रयोगशाळा तपासणीची सोय आहे खरी. तथापि तिची फी आयोग तक्रारदारालाच आधी भरायला सांगू शकतो. अन्याय्य करारांविरुद्धही याच कायद्याने दाद दिली आहे, पण त्यासाठी जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोग गाठावा लागतो. डिसेंबर 2022 मध्ये जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी केंद्राने नियम केले. त्यांचा भर विक्रेत्याला अधिकृत करणे आणि कागदपत्रांची जबाबदारी ठरवणे यांवर आहे. क्लचप्लेट किती शिल्लक आहे, हे त्यांत कोणी विचारीत नाही.

तरीही आहे त्या कायद्यात लढता येते, आणि कार्यकर्त्यांनी ते लोकांना सांगितले पाहिजे. गाडी उपजीविकेसाठी स्वतः चालवणारा माणूस 'व्यापारी' ठरत नाही. कायद्याच्या स्पष्टीकरणानेच तो ग्राहक आहे, तेव्हा विक्रेत्याच्या त्या धमकीला भिऊ नये. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काढलेली प्लेट गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. ती तेलाने माखली आहे की कोरडी जळाली आहे, एका बाजूनेच झिजली आहे की सारखी, हे तिच्यावरच लिहिलेले असते. सील उघडण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, दुसऱ्या मेकॅनिकचे लेखी मत घ्यावे, आणि विक्रेत्याकडे त्याच्या तपासणीच्या अहवालाची प्रत लेखी मागावी. ती मागणी नाकारल्याचे पत्र आले तर तेही जपून ठेवावे. आयोगापुढे पुष्कळदा त्याचेच वजन अधिक पडते.