साखर बाळापर्यंत जाते, इन्शुलिन जात नाही

गरोदरपणातला मधुमेह निघाला की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "आता दोन जिवांचं खायचं, पथ्य कसलं करतेस?" आणि "काहीही करा, पण इन्शुलिन नको, बाळाला बाधेल." दोन्ही बाळाच्या काळजीपोटी बोलली जातात आणि दोन्हींचा त्रास बाळालाच होतो.

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्शुलिन, मग ते शरीरात तयार झालेलं असो की टोचलेलं, वार ओलांडत नाही. म्हणजे तुम्ही ज्याला घाबरता ते आईपाशीच थांबतं आणि जे कौतुकानं भरवता ते बाळापर्यंत पोचतं. ही जास्तीची साखर वापरायला बाळाचं स्वादुपिंड जादा इन्शुलिन बनवतं, बाळाच्या अंगावर चरबी चढते. प्रसूतीत खांदा अडकू शकतो. नाळ कापली की साखरेचा पुरवठा बंद होतो, पण बाळाचं इन्शुलिन जास्तच असतं. मग पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. चार किलोच्या 'गुटगुटीत' बाळाचं कौतुक करण्याआधी हे माहीत असू द्या.

आणि कृपा करून "तूच गोड खाल्लंस" असं तिला म्हणू नका. वारेतून येणारी संप्रेरकं प्रत्येक गरोदर स्त्रीत इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. काहींचं स्वादुपिंड ती तूट भरून काढतं, काहींचं नाही. यात गुन्हा कुठला?

तपासणी सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. आकडा 140 किंवा जास्त आला तर निदान पक्कं. पहिल्या भेटीत एकदा, आणि तेव्हा नॉर्मल आली तरी 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. "लघवीत साखर नाही" हा काही पुरावा नव्हे.

आता खाण्याचं. पहिल्या तीन महिन्यांत जादा उष्मांकांची फारशी गरजच नसते. त्यानंतर लागतात ते दिवसाला साधारण 350. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध, एवढंच. दुसऱ्या माणसाचं ताट नव्हे! गूळ, मध, खडीसाखर 'नैसर्गिक' असली तरी रक्तात गेल्यावर साखरच. फळ खा, रस नको. गर्भारपणात इन्शुलिनला होणारा विरोध सहसा सकाळी सर्वांत जास्त असतो, म्हणून नुसते पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी न्याहारीला नडते. त्याऐवजी मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, अंडं घ्या. उलट टोकही नको. भीतीनं जेवण तोडणं, उपास करणं हेही घातक. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. सोबत नवरा आला तर उत्तमच, नाहीतरी त्याचंही पोट सुटलेलं असतं. डोहाळजेवणातला एक पेढा कुणी हिरावून घेत नाही. प्रश्न रोजच्या ताटाचा आहे.

उपाशीपोटी 95 च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत, हे लक्ष्य. दोन आठवडे नीट आहार आणि चालणं करूनही ते गाठता आलं नाही तर औषध लागतं आणि बहुतेकदा ते इन्शुलिन असतं. "एकदा सुरू झालं की जन्माचं" ही अफवा आहे. वार बाहेर पडली की बहुतेकींचं इन्शुलिन त्याच दिवशी बंद होतं. नातेवाइकांच्या बैठकीत "अजून थोडं थांबून बघू" म्हणत जे आठवडे जातात, ते बाळाच्या वाढीचे असतात.

बाळंतपणानंतर मात्र सगळं घर बाळाभोवती आणि आईच्या हातात डिंकाचा लाडू! या स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. सहाव्या आठवड्यात बाळाला लसीसाठी नेताच ना? त्याच सुमारास सकाळी उपाशीपोटी आईचीही 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्या. नॉर्मल आली तरी पुढे दरवर्षी साखर तपासा, आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत हे सांगा.