कापलेल्या टक्क्याचा धनी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची खोपोली-कुसगाव ‘मिसिंग लिंक’ असो की तळेगाव-कामशेतला उगवलेली नवी सोसायटी, बिल वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडे झिजते. मुख्य ठेकेदाराकडून पोटठेकेदाराकडे आणि तिथून सेंट्रिंग, प्लास्टरचा लेबर ठेका घेणाऱ्याकडे. ही झीज म्हणजे टीडीएस, बिल देतानाच कापला जाणारा आयकर.

एकाच बिलाची रक्कम ३० हजारांवर किंवा वर्षाची बेरीज एक लाखावर गेली की कात्री चालते. ठेकेदार एकटा असेल तर एक टक्का. कंपनी किंवा भागीदारी असेल तर दोन. गंमत अशी की कर उत्पन्नावर असतो, कपात मात्र बिलावर होते.

वर्षाला २० लाखांची बिले करणारा सेंट्रिंगवाला घ्या. त्याचे २० हजार कापले गेले. मजुरी आणि प्लेटांचे भाडे वजा जाता दोन लाख उरले. दुसरे उत्पन्न नसेल, तर यावर आयकर शून्य. म्हणजे २० हजार परत मिळायला हवेत. मिळतातही, पण विवरणपत्र भरणाऱ्याला. ‘टॅक्स कापलाय ना, मग रिटर्न कशाला?’ हा साइटवरचा लाडका युक्तिवाद सरकारी तिजोरीला चांगलाच मानवतो.

पॅन दिला नाही, किंवा आधारशी न जोडल्याने तो निष्क्रिय झाला, तर कपात थेट २० टक्के. त्याच माणसाचे चार लाख, म्हणजे कमाईच्या दुप्पट!

लोणावळ्यात तुंगार्लीला स्वतःसाठी बंगला बांधणाऱ्याला मात्र एका ठेकेदाराला वर्षात ५० लाखांपर्यंत दिले तरी काही कापावे लागत नाही. कायद्याच्या लेखी तो घरगुती खर्च.

कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायची असते; फक्त मार्चसाठी ३० एप्रिलपर्यंत सवड. उशीर झाला तर दरमहा दीड टक्का व्याज. ते जाते सरकारला. ज्याचे पैसे अडकले, त्याला नव्हे.

१९७२ पासून ठेकेदारांच्या मागे असलेले टीडीएसचे कलम ‘१९४ सी’ आता १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात नवा क्रमांक घेऊन आले आहे. टक्का तोच. तेव्हा मावळातल्या लेबर ठेकेदारांनी आपल्या पॅनवर कपात दिसते का, हे दर तिमाहीला पाहावे आणि वरच्या ठेकेदाराकडे टीडीएसचे प्रमाणपत्र मागावे. ते देणे त्याच्यावर बंधनकारक आहे.