जुलाबाच्या भीतीने पाणी तोडू नका

‘‘डॉक्टर, पाणी प्यायलं की पळावं लागतं, म्हणून पीतच नाही.’’ अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्यात सूज व व्रण असलेले रुग्ण माझ्या पुण्यातील दवाखान्यात हे हमखास सांगतात. एस.टी.चा प्रवास असला की सकाळपासून घोटभरही पाणी नाही!

माझ्या मते ही सवय घातक आहे. पाणी तोडल्याने आतड्याची सूज उतरत नाही. जुलाब चालूच राहतात व पाण्याबरोबर मीठही जाते. मग चक्कर येते, पायांत गोळे येतात, मूत्रपिंडावर ताण पडतो.

अशा वेळी नुसत्या पाण्यानेही भागत नाही. मीठ व साखर एकत्र असली की आतडे पाणी चांगले शोषते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे आणि घोटघोट प्यावे. लघवी गडद झाली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. हृदयविकार, मूत्रपिंडविकार, रक्तदाब वा मधुमेह असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. शौचातून रक्त वाढले किंवा लघवी थांबली, तर घरी थांबू नये.