समुद्राला जायचे, पण कोणत्या गावी?

मे महिना लागला की आमच्या रेणापुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. पत्र्याखाली बसवत नाही आणि झाडाखाली जावे तर तेथेही झळ लागते. त्यातच शाळेचे निकाल हाती पडलेले असतात, पोरे मोकळी झालेली असतात आणि त्यांचे एकच टुमणे सुरू होते, "या वर्षी तरी समुद्रावर जायचं." गेल्या वर्षी आमच्याही घरी हेच झाले. समुद्राला जायचे यावर पहिल्याच दिवशी एकमत झाले. कोणत्या गावच्या समुद्राला जायचे यावर मात्र आठ दिवस वाद चालला. त्या आठ दिवसांत आम्हांला जे कळले ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून आज हा घरगुती विषय घेतला आहे.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला अंदमान हवे होते. पाच माणसांचे विमानाचे भाडे त्याच्याच हाताने कागदावर मांडायला लावले, तेव्हा त्याचे त्यालाच हसू आले. पण बेटाला माझी हरकत केवळ पैशासाठी नव्हती. सासूबाईंचे वय ७६, गुडघे दुखतात, बी.पी.ची गोळी रोज चालू. जमिनीवरच्या शहरात काही बिनसले तर रात्री-अपरात्री एस.टी. किंवा रेल्वे धरून घराकडे निघता येते. बेटावर मात्र बोटीची नाहीतर विमानाची वाट पाहत बसावे लागते. म्हातारे माणूस आणि लहान मूल सोबत असेल तर हा विचार आधी करावा.

माझ्या पतींचे मत विशाखापट्टणमला होते. नांदेडहून तिकडे थेट रेल्वे आहे. त्या शहरात समुद्र तर आहेच, शिवाय नौदलाची निवृत्त झालेली 'कुरसुरा' ही पाणबुडी किनाऱ्यावर आणून ठेवली आहे. २००२ पासून ती लोकांना आतून पाहता येते. शहरापासून भीमुनिपट्टणमच्या रस्त्याला तोटलाकोंडा आणि बाविकोंडा या टेकड्यांवर प्राचीन बौद्ध विहारांचे अवशेष आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू समोर समुद्र ठेवून तेथे राहत होते. पावसाचे पाणी साठवण्यासाठी त्यांनी खडकात टाकी खोदली होती आणि त्या टाक्यांवरूनच तोटलाकोंडा हे नाव पडले. पाण्याची किंमत जाणणाऱ्या आम्हा लातूरकरांनी ही जागा पाहायलाच हवी, असे त्यांचे म्हणणे. म्हणणे खरे होते. पण आधी नांदेड गाठायचे आणि पुढे जवळजवळ अख्खा दिवस-रात्र गाडीत काढायचा, हे सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपण्यासारखे नव्हते.

माझे मत रत्नागिरीला. कोल्हापूर गाठायचे आणि तेथून आंबा घाटाने खाली उतरायचे. गाव आटोपशीर, मांडवीचा धक्का, भाट्ये येथील लांब वाळू, मुलांसाठी मत्स्यालय आणि मे महिन्यात दारोदार हापूस. शिवाय थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा हा बौद्ध राजा होता. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचे राज्य घेतले आणि पुढे त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधला गेला. मायदेश पुन्हा न पाहताच १९१६ मध्ये तो तेथेच वारला. आज वाड्यात संग्रहालय आहे. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपणारा इतिहास तेथे डोळ्यांना दिसतो.

मुंबईचे नाव मात्र कोणीही घेतले नाही. मुंबई काय, आपली दरवर्षीची पाहिलेलीच, असे सगळ्यांना वाटत होते.

असा वाद चालला असताना सासूबाई उंबऱ्याशी बसून चिंचा फोडत होत्या. त्यांना कोणी काही विचारले नव्हते, आणि विचारले नाही हे कोणाच्या लक्षातही आले नव्हते. धाकट्या मुलीने सहज म्हटले, "आजी, तू समुद्र बघितलायस का गं?"

"बघितलाय की. चांगला ईस-बावीस येळा."

"मग कसा असतो?"

सासूबाईंचा हात थांबला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "म्या कुठं त्येच्याकडं बघितलं? म्होरं मानसाची पाठ, मागं मानसाची छाती. डोस्कं टेकवायचं आन् पल्याडच्या दारानं निघायचं. त्येच्या मागं समिंदर हाय म्हनत्यात. आवाज आईकलाय म्या त्येचा."

आम्ही सारे गप्प झालो. दादरच्या चौपाटीवर ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तेथे उभारलेल्या चैत्यभूमीच्या स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. आमच्याकडची माणसे तेव्हापासून भाकरी फडक्यात बांधून सहा डिसेंबरला तेथे जात आली आहेत. गाडीत उभ्याने रात्र काढायची, शिवाजी पार्कात पथारी टाकायची, रांगेत उभे राहायचे, अभिवादन करायचे, पुस्तकांच्या दुकानांतून एखादे पुस्तक घ्यायचे आणि परत फिरायचे. तो दिवस सहलीचा नव्हे. म्हणून हाताच्या अंतरावर समुद्र असूनही त्याच्याकडे निवांत पाहावे असे त्या पिढीच्या मनातही आले नाही.

"तुला कोणत्या गावाला जायचंय, आई?" माझ्या पतींनी विचारले.

"मला त्योच समिंदर दावा. गर्दी नसताना."

आठ दिवसांचा वाद एका वाक्यात मिटला. मुलगा थोडा कुरकुरला, पण त्याचाही विरोध मावळला.

पण मुंबई ठरली की दुसरा प्रश्न आलाच. उतरायचे कोठे? पतींनी लगेच म्हटले, "ताईकडे." माझ्या नणंदबाई मुंबईच्या उपनगरात राहतात. एक खोली, एक स्वयंपाकघर. आम्ही पाच, ते चार. याआधी एकदा गेलो होतो तेव्हा मी आणि नणंदबाई सकाळ-संध्याकाळ नऊ माणसांच्या पोळ्या लाटत होतो आणि बाकीची मंडळी जिवाची मुंबई करून येत होती. हे मी या वेळी स्पष्ट बोलून दाखवले. भगिनींनो, आपल्यापैकी किती जणींची सहल म्हणजे परगावचा स्वयंपाक असते, हे आपणच मोजावे. आणि ज्या घरी आपण उतरतो तेथल्या बाईची सुट्टीही आपण खात असतो.

तेव्हा ठरले ते असे. दादरजवळ साध्या लॉजात दोन खोल्या, दोन रात्री. जेवण खानावळीत. पाच दिवसांची सहल आम्ही अडीच दिवसांची केली आणि राहण्याचा खर्च त्यात बसवला. नणंदबाईंकडे एक वेळ जेवायला जायचे आणि दुसऱ्या वेळी त्यांनाच समुद्रावर आणायचे. पुढे कळले की मुंबईत वीस वर्षे राहून त्यांनीही चार वर्षांत समुद्र पाहिला नव्हता!

आता निघण्यापूर्वीच्या चार गोष्टी. कोणतेही समुद्राचे गाव निवडा, या लक्षात ठेवाव्या लागतातच.

पहिली गोष्ट उकाड्याची. समुद्रकाठी थंड असते हा आपला गैरसमज आहे. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असते, त्यामुळे घाम वाळतो आणि अंग निवते. मुंबईत, रत्नागिरीत पारा तेहतीस-चौतिसाच्या आसपास असतो, पण हवेत दमटपणा भरलेला, घाम वाळतच नाही. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरचा वारा आत येतो. तेवढाच काय तो आधार. म्हणून सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचच्या पुढे किनाऱ्यावर जावे, मधल्या वेळी सावलीत पडून राहावे. सुती कपडे घालावेत, मीठ-साखरेचे पाणी जवळ ठेवावे.

दुसरी गोष्ट दिवसांची. पाऊस कोकणात साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, पण २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबईत पोचला होता. त्यामुळे मेच्या मध्यापर्यंत जाऊन यावे. मासे खाण्याची हौस असेल तर हेही ध्यानात घ्यावे की आपल्या किनाऱ्यावर १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे विशाखापट्टणमकडे, ती १५ एप्रिललाच सुरू होते.

तिसरी गोष्ट भाड्याची. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेत मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती परत आलेली नाही. एस.टी.त मात्र पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. म्हणजे एस.टी.ने सासूबाई फुकट गेल्या असत्या. तरी आम्ही लातूरहून रात्री निघणारी मुंबईची रेल्वे धरली, कारण रात्रभर बसून जाणे त्यांना जमणारे नव्हते. रेल्वेत पाय पसरता येतात आणि संडासाची सोय असते. स्वस्त तेच सोयीचे असे नसते. खालचाच बर्थ मिळावा म्हणून आरक्षण लवकर करावे. आता ते ६० दिवस आधीपासून करता येते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपली पोरे विहिरीत, तळ्यात पोहायला शिकलेली असतात, म्हणून समुद्राला भीत नाहीत. पण समुद्राचे पाणी ओढते. ओहोटीच्या वेळी पाण्यात शिरू नये. दोन लाटांच्या पट्ट्यांमध्ये जेथे पाणी शांत दिसते तेथेच बहुधा आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलेच तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नये, आडवे पोहत प्रवाहाबाहेर पडावे. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरून चालत नाही. तेथल्या कोळी बांधवांना विचारावे. गुडघाभर पाण्याच्या पुढे जायचे नाही, हा आमच्या घरचा नियम होता आणि तो कॉलेजातल्या मुलालाही लागू होता.

असो. आम्ही पोचलो त्याच दिवशी संध्याकाळी दादरला गेलो. चैत्यभूमीत मोजकी माणसे होती. सासूबाईंनी अभिवादन केले आणि सवयीने चटकन बाजूला सरल्या. मागून कोणी ढकलत नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा पुढे आल्या आणि हवा तेवढा वेळ उभ्या राहिल्या. चैत्यभूमीजवळच माता रमाबाई आंबेडकर यांच्या स्मृतीचा, समुद्र पाहण्यासाठी बांधलेला सज्जा आहे. तो २०२२ मध्ये खुला झाला. तेथे बसायला बाक आहेत, वाळूत चालावे लागत नाही, समोर वांद्रे-वरळीचा पूल दिसतो. सासूबाई बाकावर बसल्या. तासभर काही बोलल्या नाहीत. पोरांनी भेळ आणली, तीही तशीच हातात राहिली. मग म्हणाल्या, "आवाज त्योच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर नातीचा हात धरून त्यांनी पाण्यात पाय घातले. ओंजळभर पाणी तोंडाला लावून थुंकले. "एवढं पानी, आन् घोटभर कामाचं न्हाई," म्हणाल्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा घरातली घागर त्याच राखत होत्या. त्यामुळे समुद्र पाहून आम्हांला जे वाटले आणि त्यांना जे वाटले असेल त्यात फरक असणारच.

वाचकहो, तुम्ही मुंबईलाच जा असे माझे म्हणणे नाही. घरात सगळी धडधाकट, चालणारी माणसे असतील तर विशाखापट्टणम जरूर पाहा. या वर्षी आमच्या घरी तोच विचार आहे. शांत गाव हवे असेल तर रत्नागिरी उत्तम. फक्त गाव ठरवण्याच्या आधी एक करा. घरात ज्या माणसाला कोणी विचारत नाही त्याला आधी विचारा. ती म्हातारी असेल, पोळ्या लाटणारी सून असेल, किंवा बोलायला लाजणारे एखादे पोर असेल. "मला काय, तुमी जावा, म्या घर राखते," असे उत्तर आले तर तेथे थांबू नका, दुसऱ्यांदा विचारा. आम्ही बावीस वर्षे पहिल्याच उत्तरावर थांबत आलो होतो.