पावसाचा आवाज कुणाला गोड लागतो?



आमच्या हिंजवडीत आयटीतली पोरं भाड्यानं राहतात. जीव घाबरतो, झोप येत नाही, म्हणून त्यातली काही कानाला हेडफोन लावून मोबाईलवर पावसाचा आवाज ऐकत झोपतात. गुण येतो म्हणतात, येत असेल. पण ऑक्टोबरात इंद्रायणी कापून शेतात पसरलेलं असताना तोच आवाज पत्र्यावर वाजला की मुळशीतल्या शेतकऱ्याची झोप उडते. भिजलेल्या भाताला जाग्यावर मोड येतात. तेच जूनमध्ये, रोप टाकून आभाळाकडं बघत बसलेल्याला त्या आवाजानं किती बरं वाटतं! म्हणजे एकच आवाज सगळ्यांना लागू पडत नाही.

माझं म्हणणं असं, की आपल्यासारख्याला नुसतं ऐकण्यापेक्षा स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं जास्त लागू पडतं.

मुळशी-मावळात बाया पहाटे जात्यावर ओव्या म्हणायच्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्याच डोंगरातल्या गावांपासून त्या गोळा करायला घेतल्या. राज्यभरातल्या मिळून एक लाखाच्या वर भरल्या. 2017 पासून 'पारी'च्या वेबसाईटवर त्यातल्या कितीतरी बायांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. जरूर ऐका. सासरचा जाच, माहेरची ओढ, भाऊ, विठोबा, बाबासाहेब, सगळं आहे. घरात कुणापुढं बोलता येत नव्हतं ते बाई जात्यापुढं बोलायची. गिरणी आली, कष्ट वाचले, चांगलंच झालं. (जात्याचं कौतुक करणाऱ्या गड्यांनी एकदा पायलीभर दळून बघावं.) पण मन मोकळं करायची जागा गेली, तिच्या बदल्यात काही आलं नाही. गड्यांची भलरी आणि मोटेवरची गाणी अशीच गेली.

हे नुसतं देवधर्माचं नाही. 2001 साली इटलीत 23 माणसांवर तपासणी झाली. जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण बारा ते वीस घेतो. ओळ लांबवायची तर श्वास हळू सोडावा लागतो, आणि श्वास हळू सुटला की छातीची धडधड उतरते. अभंगालाही तेच लागू.

जनावराचंही बघा. त्याच साली इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठातल्या लोकांनी गाईंना गाणी ऐकवली. जलद गाण्यांपेक्षा संथ गाण्यांना दूध सुमारे 3 टक्के जास्त निघालं. तेव्हा धार काढताना डीजेची गाणी नकोत.

आता हिंजवडीत पहाटेपासून डंपर आणि हॉर्न. त्यात देवळातलं भजनही कर्ण्यावर, तेही रेकॉर्ड लावून! त्यापेक्षा कर्णा बंद करा, दहा माणसं टाळ घेऊन बसा. सूर लागला नाही तरी चालेल. रोज येणारा चार दिवस दिसला नाही तर कुणीतरी त्याच्या घरी जातं, मोबाईलवरचा पाऊस काही जात नाही.

भजनानं कर्ज फिटत नाही हेही खरं. जीव नकोसा झाला असं कुणी बोललं तर टाळ बाजूला ठेवा, त्याच्याजवळ बसा आणि सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा नंबर लावून द्या. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.